खोली घरी राहिली

आजोळी उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. कृष्णेच्या पलीकडे तालुक्याचं गाव. तिथे जत्रा असली की रात्री नदीवरून ऑर्केस्ट्राचा आवाज यायचा. यायचा, पण सरळ नाही. एक ओळ उशाशी बसून म्हटल्यासारखी स्पष्ट, पुढची गायब. मग नुसताच ढोलक. मग तोही नाही, फक्त रातकिडे. संपलं बहुतेक म्हणून कूस बदलावी, तर अंतऱ्याचा शेवट कानात. मला वाटायचं, पलीकडे कुणीतरी खोडसाळ माणूस बटणाशी बसलाय आणि मुद्दाम आवाज पिळतोय. मामा म्हणायचा, "वारा फिरला." ते मला पटत नसे. मच्छरदाणीचं टोक हलवायची ज्याची ताकद नाही, तो वारा अख्खा ऑर्केस्ट्रा कसा उचलून नेणार?

बऱ्याच वर्षांनी त्याच पलीकडच्या गावात, कोजागिरीच्या कार्यक्रमात, मी गिटार घेऊन स्टेजवर चढलो, तेव्हा बटणाशी बसणारा माणूस भेटला. साउंडवाले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. खोडसाळ होते, यात शंका नाही. दुपारचे चार, ऑक्टोबरचं ऊन, शाळेचं मैदान, पाइप आणि फळ्यांचं स्टेज, त्यावर लाल मॅटिंग. मी अँप लावला, एक कॉर्ड वाजवला. अण्णा वीस-पंचवीस पावलांवर छत्री उघडून खुर्चीत बसले होते. दुसरा कॉर्ड वाजवला. ते उठले, छत्री न मिटताच स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "मालक, खोली घरीच राहिली की तुमची."

खोली म्हणजे माझी पुण्यातली सरावाची खोली. त्यांनी ती पाहिलेली नव्हती, पण दोन कॉर्डमध्ये ओळखली. जुन्या वाड्यातली, दहा बाय बाराची, दोन भिंती दगडी, एका बाजूला लाकडी कपाट, कपाटावर पाहुण्यांच्या गाद्यांची चळत. त्या खोलीत माझा तीस वॉटचा व्हॉल्व्हचा अँप असा काही बोलायचा की विचारू नका. खालची तार छेडली की पोटात घुमायचं. आवाज तिसऱ्या आकड्यावर ठेवला तरी शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या. महिनोन्महिने बटणं इकडून तिकडे करून मी एक आवाज ठरवला होता आणि प्रत्येक बटणाशेजारी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन तो कायम करून टाकला होता. माझी सहीच म्हणा. ती सही मी टेम्पोत घालून कृष्णाकाठी आणली, आणि उघड्यावर जे बाहेर पडलं ते डालड्याच्या डब्यात अडकलेल्या गांधीलमाशीचं गाणं होतं.

गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. तिच्या आवाजाची लाट हवेत चार मीटरहून थोडी जास्त लांब असते. माझी खोली लांबीला साडेतीन-पावणेचार मीटर. म्हणजे ती लाट माझ्या खोलीत मावतच नव्हती. ती भिंतींना धडका देत होती, परत येत होती, आणि त्या धडकांनाच मी अँपचा दमदार खर्ज समजत होतो. शिवाय अँप कोपऱ्यात. जमीन आणि दोन भिंती यांच्या ओंजळीतून खर्ज आपोआप पुढे ढकलला जातो. त्यात माझा अँप पाठीमागून उघडा. असल्या अँपचा आवाज जितका पुढे जातो, जवळजवळ तितकाच मागेही जातो. घरी मागे दगडी भिंत होती, ती गेलेलं परत आणून देत होती. इथे मागे पडदा, पडद्यामागे जनरेटर आणि जनरेटरमागे ऊस. माझा निम्मा आवाज पाटाच्या पाण्यासारखा उसात चालला होता.

न्हाणीघरात प्रत्येकजण गवई असतो हे आपल्याला माहीत असतं, पण न्हाणीघर सोडून इतर सगळ्या खोल्यांनाही हाच नियम लागू आहे, हे कुणी सांगत नाही. ज्याला मी 'माझा आवाज' म्हणत होतो, त्यात भिंतींचा वाटा निम्म्याहून जास्त होता, थोडा गाद्यांचा होता आणि काकूंच्या लाटण्याचाही असेल.

मग यावर गिटारवाले जे पहिलं करतात तेच मी केलं. आवाज वाढवला. तीनचा पाच, पाचचा आठ. ड्रमवाल्याने कानात बोटं घातली. अण्णा छत्रीखालून बघत राहिले. मैदानाच्या मध्यावर खड्डे बुजवणारा माणूस होता, त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

याचा हिशेब निष्ठुर आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. एक मीटरवरून दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, सोळा, बत्तीस. बत्तीस मीटर म्हणजे शंभर फूट, जिथे रात्री बायामाणसं सतरंज्या टाकून बसणार होती. तिथवर पोचेतो तीस डेसिबल हवेत विरलेले असतात. आणि दुसऱ्या बाजूला, अँपचे वॉट दुप्पट केले तर हाती काय लागतं? तीन डेसिबल. तीस वॉटवाला मी उद्या कर्ज काढून शंभर वॉटचा अँप आणला, तर मिळकत पाच डेसिबलची. म्हणजे श्रोता एकदा दुप्पट लांब सरकला की कर्जही बुडालं.

लोकांनी हे न मानता केवढे उद्योग केले आहेत! लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे एक ड्रमवादक आणि ड्रमशिक्षक होते. त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. गिरहाइकं तरुण, सगळ्यांची तक्रार एकच, आहेत ते अँप पुरत नाहीत. १९६२ साली मार्शलच्या दुकानातून त्यांचा स्वतःचा पहिला अँप बाहेर पडला. मग 'द हू' या बँडचा गिटारवाला पीट टाउनसेंड आला आणि त्याला शंभर वॉट हवे झाले. एकाच खोक्यात बारा इंची आठ स्पीकर हवे झाले. मार्शल म्हणाले, हे उचलणार कोण? तरी बनवून दिलं. उचलणाऱ्या पोरांची कंबर मोडायची वेळ आली, तेव्हा त्या खोक्याचे दोन झाले आणि चार स्पीकरचा एक खोका दुसऱ्यावर ठेवला गेला. रॉकच्या प्रत्येक छायाचित्रात गिटारवाल्यामागे उभी असते ती काळी उतरंड अशी, हमालांच्या तक्रारीतून जन्मली. पुढे मोठ्या कार्यक्रमांतून या उतरंडींची भिंतच उभी राहू लागली, आणि तिच्यातले कितीतरी खोके आतून पोकळ असत. आपल्या मंडपातल्या थर्माकोलच्या खांबांचे चुलतभाऊ.

बीटल्सची गोष्ट तर यापुढची. १५ ऑगस्ट १९६५, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, पंचावन्न हजारांहून जास्त माणसं. वॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी शंभर वॉटचे खास अँप तयार केले होते. त्या काळी ते प्रचंड वाटत असणार. गाणं मात्र ऐकवलं जात होतं स्टेडियमच्याच कर्ण्यांतून, ज्यांतून एरवी बेसबॉलच्या खेळाडूंची नावं पुकारत. आपल्याकडे एस.टी. स्टँडवर गाडी कुठल्या फलाटावर लागली ते ज्या कर्ण्यातून सांगतात, त्यातून एखादा गायक ऐकायचा, असा प्रकार. किंकाळ्यांत ना लोकांना धड काही ऐकू आलं, ना त्या चौघांना. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर दौरे थांबवले ते कायमचे. कारणं अनेक होती. आपलं वाजवणं आपल्यालाच ऐकू न येणं हे त्यांतलं एक.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"आता काय करायचं?"

"आवाज कमी करायचा."

त्यांनी आठचा तीन केला. मग अँप फळ्यांवरून उचलायला लावला आणि सोड्याच्या दोन रिकाम्या क्रेटवर, किंचित मागे रेलून ठेवला. फळ्यांखालची पोकळी एका भलत्याच सुरावर गुरगुरत होती, ती बंद झाली. आणि दुसरं असं, की स्पीकरमधून निघणारा तीक्ष्ण आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ रेषेत जातो. अँप जमिनीवर असतो तेव्हा तो झोत वाजवणाऱ्याच्या पायांतून पार होतो. मी इतकी वर्षं माझ्या पोटऱ्यांना सोलो ऐकवत होतो. मला वर उभ्याने तो बोथट वाटायचा, म्हणून मी ट्रेबल वाढवायचो, आणि झोताच्या रेषेत बसलेल्या समोरच्या बिचाऱ्याच्या कानात सुई जायची. आता झोत माझ्या तोंडावर आला. ऐकून मला माझीच लाज वाटली. ट्रेबल मी स्वतःहून उतरवलं.

अँपच्या पाठीशी अण्णांच्या पोऱ्याने प्लायवूडचा एक तुकडा टेकवला. उसाची पाळी चुकली.

मग मिडचं बटण. खर्ज आणि ट्रेबल भरपूर, मधला भाग खणून काढलेला, हा आवाज एकट्याने खोलीत वाजवताना फार श्रीमंत वाटतो. माझा पांढरा ठिपका मिडला दोनवर होता. अण्णांनी तो सातवर नेला. मी म्हटलं, "अण्णा, हे नाकात बोलल्यासारखं वाटतंय."

"सनई कुठून बोलते?"

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. सनई, संबळ, हलगी, तुतारी. आपली उघड्यावरची वाद्यं घ्या. ज्यांना देवळाच्या ओवरीतून, लग्नाच्या मांडवातून, पालखीच्या पुढून, विजेशिवाय गावभर पोचायचं होतं, त्यांनी खर्जाचा नाद सोडून दिलेला दिसतो. सनईला खर्ज जवळजवळ नाहीच, आणि रेशमी म्हणावी अशी वरची झिलईही फारशी नाही. जे आहे ते सगळं मधे, माणसाचा कान जिथे सर्वांत जागा असतो तिथे. तंबोरा, बीन, सतार ही बैठकीची मंडळी. त्यांना चार भिंती आणि माना डोलावणारी माणसं लागतात. इलेक्ट्रिक गिटार यांतली कोण? ती जन्मली डान्स हॉलच्या कलकलाटात, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यात आपलं म्हणणं ऐकू यावं म्हणून. म्हणजे मूळ धंदा सनईचाच. आम्ही तिला घरी नेऊन बैठकीच्या सवयी लावल्या.

रिव्हर्बही, म्हणजे अँपमधला कृत्रिम घुमारा, अण्णांनी बंद करायला लावला. "लागला तर मी तिकडून देतो. तुम्ही आधीच कालवून पाठवलं की मला निवडता येत नाही." तांदूळ निवडल्यासारखं बोलले.

यानंतरचा अर्धा तास मला आजही बोटाबोटाने आठवतो. अण्णांनी अँपसमोर माइक लावला. शुअरचा ५७, जगभर गिटारच्या स्पीकरपुढे जो लावतात तो. १९६५ पासून फारसा न बदललेला, हातोडीसारखा साधा आणि तितकाच दणकट. स्पीकरवर काळं कापड ताणलेलं असतं. अण्णांनी तिरकी बॅटरी धरून कापडाआडचा स्पीकर शोधला. त्याच्या मध्यावर एक फुगीर टोपी असते. माइक टोपीसमोर धरला तर आवाज टोचतो, कडेकडे नेला तर गोल होत जातो आणि आणखी नेला तर झोपतो. या जागरणापासून झोपेपर्यंतचं सगळं अंतर चार बोटांचं. पोऱ्या माइक धरून उकिडवा बसला. मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो. अण्णा लांब मिक्सरपाशी जाऊन बसले आणि हाताने खुणा करू लागले. इकडे. अजून. फार झालं, मागे. पतंगाला ढील देताना करतात तशा. मला स्टेजवर काहीही फरक कळत नव्हता. माझा अँप तोच, ओळ तीच. पण अण्णांच्या तोंडावरून कळत होतं की तिकडे काहीतरी चाललंय. एका जागी त्यांचा हात थांबला. ते उठून आले, वरच्या खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि कापडावर, माइकच्या नेमकी समोर, एक लाल टिकली चिकटवली.

"रात्री नाचातलं कुणीतरी पाय लावतं," ते म्हणाले. "माइक हलतो. टिकली असली की अंधारातसुद्धा पुन्हा तिथंच."

"पाकीट घरच्यांचं?"

"हिशेबात धरलेलं आहे. महिन्याला दोन आणायची. एक तिचं, एक माझं."

तर आता माझा आवाज त्या टिकलीपाशी होता. माझ्यापासून दोन हातांवर, पण मला तिथे कान लावता येत नव्हता. तिथून तो वायरीने अण्णांकडे, अण्णांकडून मैदानातल्या बॉक्सांकडे आणि तिथून लोकांकडे जाणार. मला ऐकू येणार होता तो त्याचा शिळा, पाठमोरा तुकडा. हे फक्त माझंच नाही म्हणा. मोठमोठे शास्त्रीय गवईसुद्धा उघड्या मंडपात गाताना दर पाच मिनिटांनी साउंडवाल्याकडे बघून बोट वर करतात. तंबोरा वाढवा, मॉनिटरला आवाज द्या. लोकांना तंबोरा व्यवस्थित ऐकू येत असतो. गवयाला हवी असते त्याची घरची भिंत.

मी अण्णांना म्हटलं, मला एकदा बाहेरून ऐकायचंय. कीबोर्डवाल्या पोराला थोडीफार गिटार येते. त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि मी मैदानात चालत गेलो. शंभर फुटांवर उभा राहिलो. आवाज चांगला होता. खणखणीत, अंगासरशी, जागच्या जागी. पण तो त्या पोराच्या बोटांचा होता. तो तार जोरात ओढतो, मी हलक्या हाताने. शिवाय मैदान रिकामं. रात्री तिथे माणसं बसणार, आणि माणसं, विशेषतः शाली पांघरलेली, वरचे सूर शोषून घेतात. जे मला ऐकायचं होतं ते ऐकायला मी एकाच वेळी स्टेजवर आणि सतरंजीवर असायला हवा होतो.

हाच हट्ट एकदा पैसा ओतून पुरवला गेला आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने आपल्या पाठीमागेच स्पीकरची भिंत उभारली. सहाशेच्या आसपास स्पीकर, सगळा पसारा सुमारे ७५ टनांचा. प्रत्येक वाद्याचा आपला वेगळा खांब, म्हणजे एका स्पीकरने दोन वाद्यांची ओझी वाहायची नाहीत. भिंत वादकांच्या मागे, म्हणून जे लोक ऐकणार तेच वादकही ऐकणार. वादकांसाठी वेगळे मॉनिटर नाहीत, मधे अण्णा नाहीत. पण भिंत गायकांच्याही मागे, मग तिचा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरून शिट्ट्या वाजायला हव्यात. त्यावर त्यांनी प्रत्येक गायकासमोर दोन माइक बांधले, एकाचा विजेचा प्रवाह दुसऱ्याच्या उलट. लांबून येणारं जे दोघांत सारखं शिरेल ते एकमेकांना खोडणार, आणि ओठ लावलेल्या एकाच माइकमधलं गाणं उरणार. डोकं बघा! ऐकलेल्यांनी त्या आवाजाची फार स्तुती केली आहे. पण ७५ टन गावोगाव न्यायचे, उभे करायचे, उतरवायचे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत सगळे दमले आणि भिंत मोडीत निघाली. वादकाला श्रोत्याचे कान लावून द्यायची किंमत सहा-सात महिन्यांपेक्षा जास्त कुणाला परवडली नाही.

हल्ली हे सोपं झालं आहे, असं तरुण मुलं सांगतात. अँप आणायचाच नाही. पायाशी टिफिनएवढी पेटी, तिच्यात नामांकित अँपांच्या नकला, आणि कानात बोंडं. पाठ सुखी झाली, हे मी मान्य करतो. पण कानात बोंडं घालून वाजवणारा पोरगा मला नेहमी टेलिफोनवर बोलत असल्यासारखा दिसतो. असो. म्हातारपणाची लक्षणं.

सूर्य मावळला आणि अण्णा म्हणाले, "आता दुपारचं विसरा."

दुपारी जमीन तापलेली असते. जमिनीलगतची हवा गरम, वरची त्या मानाने थंड. गरम हवेत आवाज जास्त वेगाने पळतो, म्हणून लाटेचा पाय पुढे जातो आणि तोंड आभाळाकडे वळतं. दुपारचा आवाज डोक्यावरून उडून जातो तो असा. रात्री उलट. जमीन निवते, नदीकाठी तर लवकरच, थंड हवा खाली बसते आणि आवाज वरून पुन्हा जमिनीकडे वाकतो. वाऱ्याचंही तेच गणित. जमिनीलगत तो झाडाझुडपांत अडखळतो, वर मोकळा धावतो. त्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वाकतो, विरुद्ध जाणारा वर उचलला जातो. मच्छरदाणी न हलवणारा वारा वर, चिंचेच्या शेंड्यापलीकडे, चांगला वाहत असू शकतो. मामाचं बरोबर होतं. फक्त वारा आवाज उचलून नेत नव्हता, वाकवत होता. कधी आमच्या गच्चीवर, कधी गच्चीच्या वरून.

दिवे लागले आणि माझ्या गिटारमध्ये भुंगा शिरला. स्टेजवरच्या रंगीत दिव्यांचा तो प्रताप. माझ्या गिटारची जुनी पिकअप असलं सगळं पकडतात. अण्णांनी दुपारीच स्टेजमागे सळई ठोकून, खड्ड्यात मिठाचं पाणी ओतून अर्थिंग केलं होतं, त्यामुळे तारेला हात लावून माइकला ओठ टेकले तर झटका बसत नव्हता. एवढं उघड्यावर मिळालं तरी देवाला नारळ. भुंगा मात्र अर्थिंगने जात नाही. मी गोल फिरून पाहिलं. एका विशिष्ट कोनात, नैर्ऋत्येकडे तोंड केलं की तो जवळजवळ गप्प व्हायचा. नैर्ऋत्येला ना प्रेक्षक होते ना गायिका. तिथे सरबताचा स्टॉल होता. पूर्ण कार्यक्रमभर मी त्या सरबतवाल्यासमोर वाजवलं. त्यानेही शेवटी शेवटी दाद दिली.

नऊच्या सुमारास दव पडू लागलं. गार झाल्या की तारा आखडतात आणि सूर वर चढतो. मी खुंट्या उतरवत होतो. त्याच वेळी विंगेत लावणीच्या साथीचा हलगीवाला वर्तमानपत्राचा जाळ करून हलगी शेकत होता, कारण दवाने त्याचं कातडं सैल पडून सूर उतरत होता. एकाच दवाने दोघांना उलट दिशांना ओढलं होतं. त्याने माझ्याकडे बघून जाळाशी जागा करून दिली. गिटार शेकायची नसते, पण मी बोटं शेकली.

वाजवलं कसं? मला सांगता येणार नाही, हीच तर सगळी कथा आहे. स्टेजवर अँप पुटपुटल्यासारखा वाटत होता. समोरून, लांबच्या शाळेच्या भिंतीवरून, माझीच ओळ उशिरा, जाड होऊन परत येत होती. तिच्याकडे लक्ष दिलं तर लय जाईल म्हणून तिकडे कान द्यायचा नाही. दोन गाण्यांच्या मधे खरोखरच कुणाचा तरी घुंगरांचा पाय लागला. अण्णांचा पोऱ्या बॅटरी घेऊन रांगत आला, टिकली शोधली, माइक बसवला, गेला. माझ्या आवाजाची काळजी घेणारा स्टेजवर तो एकटाच होता. मी नुसता वाजवत होतो.

अशा वेळी मला गिटारवाला जिमी हेंड्रिक्स आठवतो. बरोबरी नाही, आठवण. अमेरिकेतला वुडस्टॉकचा संगीत उत्सव रविवारी संपायचा होता. रखडत रखडत तो स्टेजवर आला सोमवारी, १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी. लाखोंतले बहुतेक लोक चिखल तुडवत घरी निघाले होते. मागे मार्शलची उतरंड, समोर सतरंज्या, कचरा, आणि पेंगुळलेली थोडी माणसं. त्या सकाळी गायरानावर वारा कुठून होता, विरळ गर्दीत गिटार किती पातळ झाली होती, हे तिथे होते त्यांनाच ठाऊक. पन्नासहून जास्त वर्षं आपण सगळे ऐकतो ते तिथल्या माइकने ऐकलेलं.

दहाला पाच कमी असताना हवालदारांनी मनगटावरचं घड्याळ अण्णांना दाखवलं. दहाला बंद म्हणजे बंद. कायदाच आहे, आणि उशाशी जत्रा घेऊन झोपलेला माणूस म्हणून मला तो मान्यही आहे. शेवटचं गाणं अर्ध्यात कापलं. मग केशराचं दूध आलं, चंद्र डोक्यावर येत होता, पोऱ्या केबली गुंडाळत होता. अण्णांना विचारलं, "कसा होता आवाज?"

"कुणी काही बोललं नाही ना?"

"नाही."

"मग बरा होता."

रात्री आजोळी झोपायला गेलो. पुलावरून फक्त तीन किलोमीटर. सकाळी मामी अंगणात दूध आटवलेलं पातेलं घासत होती. मामा आता नाही. मी म्हटलं, "मामी, काल गच्चीवर होता का तुम्ही? ऐकू आलं?"

"आलं की. सगळ्या जावा-नणंदा वरच होतो. आधी त्या बोलणाऱ्या बाईचं समदं ऐकू आलं, नमस्कार-चमत्कार. मग गाणी लागली तर नुसतं ढुमढुम. मग मधे काहीच न्हाई. आणि मग मघाच्यापेक्षा जवळ, अशी इथं तुळशीपाशी, सनई वाजली बघ. लई गोड वाजली. कोण होता रे सनईवाला?"

सनई नव्हती कार्यक्रमात, हे सांगायला मी तोंड उघडलं. मामी राखेचा हात पातेल्यावर फिरवत, ऐकलेली चाल गुणगुणत होती. एका जागी तिने सूर थोडा वर नेला, जिथे मी तार ओढतो तिथेच.

"होता एक," मी म्हणालो. "पुण्याकडचा."